सात शिपाई आणि एक साथ



१० जून १९१८ या दिवशीं मुंबईच्या पोलीस इस्पितळांत सात शिपाई तापानें आजारी होऊन दाखल झाले. मृग नक्षत्र नुकतेंच लागलें होतें. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईंत सात माणसांना ताप यावा यांत नवल असें कांहींच नव्हतें. हिंवतापाचें आणि या शहराचें नातें जुनें होतें. पण तपासून पाहतां हा ताप हिंवतापाचा नव्हे असें आढळलें. या सातांपैकीं निदान एकाचा पहारा गोदीवर असे. एवढीच ही साधी नोंद. पुढें सहा महिन्यांत ज्या साथीनें हिंदुस्थानांतील एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, तिच्या मुंबईंतील इतिहासाचें पहिलें पान हेंच होय.

इन्फ्ल्युएंझाच्या या साथीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत तिला ‘मानमोडी’ म्हणत, आणि पुढें कित्येक वर्षें घरांतलीं वडील माणसें कोणाच्या जन्माचा किंवा मरणाचा हिशेब ‘मानमोडीच्या सालचा’ असा सांगत. त्या सर्व इतिहासाचें पारायण मी आज करणार नाहीं. ज्यांच्या नोकरीचा अर्थच गर्दींत उभें राहणें असा आहे, अशा एका वर्गाकडे, म्हणजे पोलिसांकडे, मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. शिपाई गोळी लागून पडला तर त्याचें नांव दगडावर कोरलें जातें. तोच साथीच्या तापानें गेला तर ‘बिचारा आजारी होऊन मेला’ एवढें म्हणून आपण थांबतों. या दोन मरणांत आपण जो भेद करतों तो कितपत न्यायाचा आहे, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम हे शिपाई कोण होते तें पाहूं. त्या काळच्या मुंबई पोलिसांत शिपायांचा मोठा भरणा कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेल्या मराठ्यांचा असे. घरची शेती तुटपुंजी; म्हणून मुलानें मुंबईस जावें, गिरणींत, गोदींत नाहींतर पोलिसांत चिकटावें, आणि दरमहा मनिऑर्डर धाडावी, ही कोंकणची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पगार थोडा. पोलिसांसाठीं स्वतंत्र चाळी बांधण्याचें काम विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालें होतें खरें, पण त्या सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्या. तेव्हां अनेकांचें राहणें इतर चाकरमान्यांसारखेंच, गांवच्या आठदहा माणसांबरोबर एका खोलींत. एकाची पाळी संपली कीं दुसऱ्यानें वळकटी गुंडाळून बाहेर पडावें आणि त्या जागीं पहिल्यानें पाठ टेंकावी. मुंबईचे एक माजी पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनीं या दलाचा इतिहास लिहून १९२३ सालीं प्रसिद्ध केला. तो १६७२ पासून सुरू होतो आणि १९१६ मध्यें संपतो. दंगे, दरोडे, मोहरमचे बंदोबस्त, सारें त्यांत आहे. दोन वर्षांनंतर आलेल्या साथीला मात्र त्यांत अर्थातच जागा मिळाली नाहीं.

आणि गोदी? १९१४ सालीं मुंबईची अलेक्झांड्रा गोदी खुली झाली; आज तिला इंदिरा गोदी म्हणतात. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि मुंबई हें मेसापोटेमियाच्या मोहिमेचें मोठें बंदर बनलें. येथून पलटणी जात, घोडे व खेंचरें जात, दारूगोळा व धान्य जाई. आणि परतीच्या बोटींतून जखमी व आजारी सैनिक उतरत. एका फाटकानें शिधासामुग्री आंत जावी आणि दुसऱ्यानें डोली बाहेर यावी, अशी ती चार वर्षें होतीं. या फाटकावर उभ्या असलेल्या शिपायाचें काम काय? आंतबाहेर करणाऱ्या हमालाची झडती घ्यावी, गर्दी मागें रेटावी, दारू पिऊन तोल गेलेल्या खलाशाला काखेंत हात घालून चौकीपर्यंत न्यावें. ज्याच्या अंगाला आपण सहसा हात लावणार नाहीं, त्याच्या अंगाला हात लावणें हेंच त्याचें कर्तव्य. हाताच्या अंतरावरून ओरडून पोलिसाचें काम होत नाहीं.

हा रोग कशानें होतो हें त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. फायफर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें शोधलेल्या एका जंतूवर बहुतेक डॉक्टरांचा संशय होता, आणि तो चुकीचा होता. माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा खरा विषाणु १९३३ सालीं इंग्लंडांत हातीं लागला, आणि १९१८ च्या विषाणूची संपूर्ण घडण तर २००५ सालीं, त्या साथींत मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या व बर्फांत गोठून राहिलेल्या फुप्फुसांवरून, उलगडण्यांत आली. आज आपणांस माहीत आहे कीं हा विषाणु श्वासावाटे, खोकल्याशिंकेवाटे पसरतो. तो शरीरांत शिरल्यापासून एक ते चार दिवसांत माणूस आजारी पडतो. आणि आजारी दिसूं लागण्याच्या आदल्या दिवसापासून तो दुसऱ्याला रोग देऊं शकतो. म्हणजे फाटकांतून बाहेर पडणारा खलाशी चांगला धडधाकट दिसत असतां त्याची झडती घेणाऱ्या शिपायाला रोग लागणें अगदीं शक्य होतें. त्या शिपायानें रात्रीं खोलीवर जाऊन पाठ टेंकली, कीं पुढचें काम विषाणूनें आपोआप करावें.

पुढचा क्रम नोंदलेला आहे. १५ ते २० जूनच्या सुमारास एका जहाज कंपनीच्या कचेरींतील माणसें आजारी पडलीं. मग पोर्ट ट्रस्ट, हाँगकाँग-शांघाय बँक, तार कचेरी, टांकसाळ आणि रेशेल ससून गिरणी. नकाशा पुढें घेतला तर गोदीपासून कोटांत आणि कोटांतून गिरण्यांकडे अशी रेघ बोटानें ओढतां येते. जून संपतांना शहरांत आजारी माणूस नाहीं असें घर विरळा. ३ जुलै रोजीं मृत्यूंची संख्या २३० च्या आसपास पोहोंचली आणि त्यानंतर ही पहिली लाट ओसरूं लागली. ती तुलनेनें सौम्य होती. बहुतेक रोगी तीनचार दिवस अंथरुण धरून पुन्हा कामावर रुजू झाले. पहिल्या लाटेंत ज्यांना रोग होऊन गेला त्यांना दुसऱ्या लाटेंत थोडेंबहुत संरक्षण मिळालें असावें, असें अलीकडील संशोधक म्हणतात. तसें असेल तर जूनमध्यें इस्पितळांत गेलेला शिपाई, तेव्हां सुदृढ राहिलेल्या आपल्या सोबत्यापेक्षां सुदैवी म्हणावयाचा. पुस्तकांत मात्र हे सात शिपाई एका वाक्यापुरतेच येतात. ते दाखल झाले, ताप हिंवतापाचा नव्हता; आणि पुढच्याच वाक्यांत बँकेची व टांकसाळीची हकीगत सुरू होते.

तरीहि त्या एका वाक्यावरून मोठा वाद झाला. मुंबई नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचें म्हणणें असें कीं मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या बोटींवरून हा रोग शहरांत आला. हिंदुस्थान सरकारच्या बाजूनें उलट सांगण्यांत आलें कीं बोटीवरील लोकांनाच तो मुंबईंत लागला. वरवर पाहतां हा शास्त्रीय मतभेद वाटतो. पण त्याच्या मुळाशीं जबाबदारीचा प्रश्न होता. रोग बोटीनें आणला म्हटलें तर युद्धाची सरकारी वाहतूक दोषी ठरते. तो येथेंच होता म्हटलें तर शहराची घाण, तेथील दाटी आणि तेथील माणसें दोषी ठरतात. परदेशांतून आलेल्या रोगाचें खापर ‘नेटिव’ वस्तीवर फोडण्याची संवय साम्राज्याला जुनीच. माझ्या मतें टर्नर यांचीच बाजू खरी होती. मार्च १९१८ मध्यें हा रोग अमेरिकेंतील सैनिकी छावण्यांत होता, एप्रिलमध्यें तो फ्रान्सच्या रणभूमीवर पोहोंचला, मे महिन्यांत स्पेनमध्यें त्याचा बोभाटा झाला. तेथील वर्तमानपत्रांवर युद्धाची मुस्कटदाबी नव्हती म्हणून, आणि त्या प्रामाणिकपणाचें बक्षीस म्हणून, ‘स्पॅनिश’ हें नांव त्याला कायमचें चिकटलें. अशा क्रमानें येणारा रोग जूनमध्यें मुंबईच्या गोदींत प्रकट व्हावा यांत गूढ कांहींच नाहीं. पण गंमत अशी कीं या वादांत ज्याच्या शरीराचा पुरावा म्हणून उपयोग झाला, त्या शिपायाच्या जिवाचें कोणाला कांहींच वाटलें नाहीं. तो साक्षीदारहि नव्हता. तो नुसता मुद्देमाल होता.

या ठिकाणीं वीस वर्षें मागें जाऊन पाहणें जरूर आहे. १८९६ सालीं मांडवींत प्लेग निघाला. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासिओ व्हिएगास यांनीं तो ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मग घरोघर झडत्या, रोग्यांस सक्तीनें उचलून नेणें, घरें रिकामीं करणें हें सत्र सुरू झालें. त्याचा परिणाम पुण्यास २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत झाला, हें आपण जाणतांच. मुंबईंतहि ९ मार्च १८९८ रोजीं मोठा दंगा उसळला. प्लेगच्या त्या दिवसांत पोलीस शिपाई हा सक्तीचा हात होता. दारावर त्याची काठी वाजली कीं बायका आजाऱ्याला माळ्यावर लपवीत. तो रोगाचा शत्रु नव्हे, रोग्याचा शत्रु समजला गेला.

१९१८ सालीं सरकारनें तो मार्ग धरला नाहीं. प्लेगच्या दंग्यांची आठवण ताजी होती. डॉक्टर मोठ्या संख्येनें युद्धावर गेले होते. आणि मुख्य म्हणजे हुकूम कागदावर उतरण्यापूर्वींच रोग पुढच्या आळींत गेलेला असे. औषध, दूध, कांबळीं आणि धीर हें सारें पुरविण्याचें काम बव्हंशीं खासगी संस्थांवर येऊन पडलें. ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या मंडळ्यांनीं आणि शहरांतल्या वैद्यक व्यावसायिकांनीं तें मनापासून केलें. या खेपेस शिपायाला कोणाचें दार ठोठवावयाचें नव्हतें. तोहि आतां इतरांसारखाच रोगी होण्यास पात्र होता. फरक एवढाच कीं इतरांना घरीं बसण्याची मुभा होती. निदान ज्यांचें पोट रोजंदारीवर नव्हतें त्यांना तरी होती. शिपायाला ती नव्हती.

सप्टेंबरांत रोग परतला. आतां त्याची सगळी जातकुळीच पालटली होती. चारसहा दिवसांत छाती भरून यावी, चेहरा निळसर पडावा आणि माणूस हां हां म्हणतां हातचा जावा, असा प्रकार सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. शहराची वस्ती १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें दहा लाखांच्या आंतच होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. त्यांत त्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेलेला. धान्याचे भाव कडाडलेले. खेड्यांतून उपाशी माणसें शहराकडे लोटलेलीं. सबंध मुंबई इलाख्यांत या साथीनें दहा लाखांहून अधिक बळी घेतले.

मुंबई शहराच्या मृत्यूंचें एक कोष्टक प्रसिद्ध आहे. दर हजारीं मृत्यूंचें प्रमाण युरोपियनांत ८·३, पारशांत ९·०, युरेशियनांत ११·९, देशी ख्रिस्त्यांत १८·४, इतर हिंदूंत १८·९, मुसलमानांत १९·२. आणि ज्यांस त्या कोष्टकांत ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटलें आहे त्यांच्यांत ६१·६. एकाच हवेंत राहणाऱ्या माणसांत सातपटींहून अधिक अंतर! रोग कांहीं पगारपत्रक पाहून येत नाहीं. पण खोलींत किती माणसें झोपतात, ताप असतां कामावर जावें लागतें कीं नाहीं, आजारपणांत दूध मिळतें कीं नाहीं, या गोष्टी पगारपत्रकावरूनच ठरतात. माझी या कोष्टकाविषयीं एक तक्रार आहे. तें जातिधर्मांचें आहे, धंद्यांचें नाहीं. चाळींतला शिपाई आणि गिरगांवांतला वकील, दोघेहि ‘इतर हिंदू’ या एकाच रकान्यांत जातात, आणि बंगल्यांतल्याचें निभावणें व खोलींतल्याचें मरणें यांची एकमेकांशीं सरासरी निघते.

आतां आणखी एका गोष्टीकडे वळतों. ती पोलिसांशींच संबंधित आहे, पण शहराबाहेरची. मृत्यु मोजले कोणी? मुंबईसारख्या शहरांत नगरपालिकेची व्यवस्था होती. खेड्यांत मात्र हें काम गांवच्या अधिकाऱ्यांकडे, आपल्याकडे पाटलाकडे, आणि उत्तरेकडील बऱ्याच प्रांतांत चौकीदाराकडे असे. चौकीदारानें ठाण्यावर जाऊन या आठवड्यांत इतके जन्मले, इतके मेले असें सांगावें, आणि तेथें तें वहींत उतरावें. रोगाचें नांव विचारलें तर पटकी, देवी, प्लेग एवढीं तो ओळखी. बाकी सारे ‘ताप’. त्यामुळें १९१८ चे बहुसंख्य मृत्यु सरकारी दप्तरांत तापाच्या रकान्यांत गेले, आणि नेहमींच्या वर्षापेक्षां ताप किती वाढला यावरून इन्फ्ल्युएंझाचा अंदाज करावा लागला. पण ऑक्टोबरांत मोजणारे पाटील आणि चौकीदारच अंथरुणाला खिळले. कित्येक ठिकाणीं वही कोरी राहिली. आणि कोऱ्या वहीचा अर्थ कोणी मेलें नाहीं असा होत नाहीं, तर लिहावयास कोणी उठलें नाहीं असाहि होतो. आरंभीं हिंदुस्थानचा अंदाज पन्नाससाठ लाखांचा होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला. पुढील अभ्यासकांनीं तो दीडपावणेदोन कोटींपर्यंत नेला. या फरकाचें एक कारण म्हणजे तीं कोरीं पानें. आजच्या भारताच्या हद्दींतली लोकसंख्या १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दशकांत वाढण्याऐवजीं किंचित् घटली. तसें त्यापूर्वीं वा त्यानंतर कोणत्याहि खानेसुमारींत दिसलें नसल्यानें १९२१ हें साल लोकसंख्याशास्त्रांत विभाजनवर्ष म्हणून ओळखलें जातें... येथें मला थोडें सुधारून घेतलें पाहिजे. विसाव्या शतकांत असें घटलेलें तें एकच दशक, एवढेंच निश्चितपणें म्हणणें बरें.

हें सारें आपल्याकडेच झालें असें नाहीं. पोलीस सर्वत्र सारखेच अडकले होते, आणि त्यांच्या मृत्यूचा हिशेब जेथें ठेवला गेला असें एक शहर मला ठाऊक आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत २८ सप्टेंबर १९१८ रोजीं युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं मोठी मिरवणूक निघाली. रोग शहरांत शिरलेला होता, डॉक्टरांनीं धोक्याची सूचना दिली होती. तरी आरोग्याधिकाऱ्यांनीं मिरवणूक थांबविली नाहीं. दोन लाख माणसें रस्त्याच्या दुतर्फा दाटली, आणि त्यांना आवरावयास अर्थातच पोलीस उभे. पांच दिवसांनीं शाळा, देवळें, नाटकगृहें बंद करण्याची पाळी आली. पुढें एका आठवड्यांत साडेचार हजारांहून अधिक माणसें मेलीं; प्रेतें उचलावयास माणूस मिळेना; घराघरांतून प्रेतें दिवसदिवस पडून राहिलीं. मग हें काम कोणी करावें? तोंडाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधून पोलिसांनीं केलें. त्या पट्टीचा उपयोग फारसा नव्हता. पाहणारे मात्र त्यांना भुतें समजून दूर पळत. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्या शहरांत ३३ पोलीस मृत्यु पावले होते, आणि साथ अजून संपली नव्हती.

लंडनमध्यें तर निराळीच कथा. तेथील पोलिसांनीं पगारवाढीसाठीं ३० ऑगस्ट १९१८ रोजीं संप केला, आणि सरकारला नमतें घ्यावें लागलें. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत सुमारे चौदाशें पोलीस एकाच वेळीं आजारी रजेवर होते. सॅन फ्रान्सिस्कोंत मुखपट्टी न बांधणाऱ्यांना पकडून कोठडींत दाटीवाटीनें कोंडण्याचें काम पोलिसांकडे आलें. म्हणजे गर्दी टाळण्याच्या नियमाखातर त्यांनीं नवी गर्दी केली. मुष्टियुद्धाचा सामना पाहतांना पट्टी काढलेल्या खुद्द महापौरांनाहि तेथील पोलीसप्रमुखानें दंड केला, हें त्यांतल्या त्यांत मनास बरें वाटणारें.

फिलाडेल्फियाच्या त्या ३३ जणांना ‘कर्तव्यावर मेले’ असें म्हणावयाचें कीं नाहीं? येथें कायदेपंडित विचारील: रोग त्याला प्रेत उचलतांना लागला, कीं घरीं त्याच्या मुलापासून लागला, हें सिद्ध कोणी करावयाचें? प्रश्न बिनतोड आहे. गोळीला बंदूक असते, सुऱ्याला मूठ असते, वेळ आणि जागा असते. श्वासाला यांपैकीं कांहींच नसतें. शिवाय गोळीनें जखमी झालेला शिपाई रस्त्यावर पडतो, तर हा आपल्या अंथरुणावर, बायकामुलांसमक्ष, आठ दिवसांनीं मरतो. तेव्हां त्याचें मरण खासगी वाटूं लागतें. पण ज्या शहरांत प्रत्येकाला घरीं राहण्याचा उपदेश केला जातो, त्याच शहरांत एका माणसाला बाहेर उभें राहण्याचा हुकूम दिला जातो, आणि तो हुकूम मोडला तर शिक्षा असते. तेथें पुराव्याचा भार त्या माणसाच्या विधवेवर टाकणें मला तरी पटत नाहीं. १९१८ सालीं हा विचार झाला नाहीं. करोनाच्या साथींत, म्हणजे २०२० च्या ऑगस्टमध्यें, अमेरिकेंत असा कायदा झाला कीं कामावर असलेला पोलीस ठराविक मुदतींत त्या रोगानें आजारी होऊन मेला तर उलट पुरावा नसल्यास रोग कामावरच लागला असें धरून चालावें. एकशें दोन वर्षांनीं कां होईना, पुराव्याचा भार दुसऱ्या खांद्यावर गेला.

आपल्याकडेहि २०२० सालीं हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. महाराष्ट्र पोलिसांतील शेंकडों माणसें त्या साथींत गेलीं. नाकाबंदीवर, मजुरांच्या रेल्वेगाड्यांवर, बाजाराच्या तोंडाशीं उभीं राहणारीं. मृतांच्या कुटुंबांस पन्नास लाख रुपये देण्याचें सरकारनें जाहीर केलें. या वेळीं आंकडे ठेवले गेले, नांवें वर्तमानपत्रांत आलीं. एप्रिलच्या अखेरीस मुंबईच्या पोलीस आयुक्तांनीं ५५ वर्षांवरील कर्मचाऱ्यांस घरीं राहण्यास सांगितलें, कारण तो रोग म्हाताऱ्यांस अधिक घातक होता.

१९१८ चा रोग याच्या अगदीं उलट. तो लहान मुलांना व वृद्धांना नेई, पण त्यांच्याहून अधिक तडाखा त्यानें वीस ते चाळीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या माणसांस दिला. आपल्या देशांत त्यांतहि बायका अधिक मेल्या. आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याचें काम त्यांच्याकडे होतें. अशा रोगांत दुबळ्याला घरीं ठेवून तगड्याला पुढें करावें ही सोयच उरत नाहीं. आयुक्तांचा २०२० चा हुकूम १९१८ च्या ऑक्टोबरांत काढावयाचा म्हटला असता, तर चाळिशीच्या आंतल्या सर्व शिपायांस घरीं पाठवावें लागलें असतें. आणि मग गोदीच्या फाटकावर उभें राहावयास कोंकणांतून आलेला एकहि माणूस उरला नसता.